मोटारींतील ठिणगी आणि हरवलेला दाब

मोटार चालतां चालतां बंद पडली, अथवा सकाळीं कितीही वेळ सेल्फ फिरविला तरी इंजिन पेट घेईना, म्हणजे "ठिणगी येत नाहीं" असें निदान मिस्त्री बहुधा तत्काळ करतो, आणि तें पुष्कळदां खरेंही असतें. परंतु ठिणगी न येणें हें रोगाचें नांव नव्हे; तें केवळ लक्षण होय. अंगांत ताप आहे एवढें सांगितल्यानें तो हिंवतापाचा, विषमज्वराचा कीं साध्या पडशाचा हें कळत नाहीं. तसेंच हें आहे. कारण न शोधतां आज कॉइल बदल, उद्यां कंडेन्सर बदल, परवां नवी बॅटरी आण, असा क्रम एकदां सुरू झाला म्हणजे मालकाचा खिसा रिकामा होतो आणि दोष मात्र होता तेथेंच राहतो. वास्तविक हें कारण शोधण्यास जें ज्ञान लागतें तें शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ओहमचा नियम म्हणून दिलेलें असतें, त्याहून फारसें अधिक नाहीं. तो नियम बॉनेटखालीं कसा उपयोगी पडतो हें या लेखांत सांगावयाचें आहे.

येथें ज्या मोटारींचा मुख्यतः विचार करावयाचा त्या जुन्या बांधणीच्या, पॉइंटच्या मोटारी होत. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी आणि बंगालमधील उत्तरपाड्याची जुनी अँबॅसडर या त्यांपैकीं आपल्या अधिक परिचयाच्या. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्याचा निरोप घेतला, आणि अँबॅसडरची निर्मिति २०१४ सालींच थांबली. तथापि हौशी लोकांनीं जपून ठेवलेल्या अशा गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात. शिकणाराच्या दृष्टीनें त्यांच्या अंगीं एक मोठा गुण आहे. त्यांतील विजेचा सर्व मार्ग डोळ्यांस दिसतो व हातांस लागतो. ही योजना मूळ अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांची. ओहायो संस्थानांतील डेटन शहरीं १९०९ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह डेल्को नांवाची कंपनी काढली, व १९१० च्या कॅडिलॅक गाडीवर त्यांची ही योजना बसविली गेली. पुढें कित्येक दशकें जगांतील बहुसंख्य पेट्रोल मोटारी याच तऱ्हेनें चालल्या.

बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्टांचा. प्लगच्या दोन टोंकांमधील फट एक मिलिमीटराहूनही कमी असली, तरी दाबून घट्ट केलेल्या वायूंतून ती ओलांडण्यास दहा ते वीस हजार व्होल्ट लागतात. ही किमया कॉइल करते. तिच्या पोटांत मऊ लोखंडाच्या गाभ्याभोंवतीं दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेच्या दोन-तीनशें वेढ्यांचें, त्यास प्राथमिक म्हणतात. दुसरें केसासारख्या बारीक तारेच्या वीस हजारांच्या आसपास वेढ्यांचें, तें दुय्यम. चावी फिरविली म्हणजे बॅटरीपासून निघालेला प्रवाह चावींतून प्राथमिक वेटोळ्यांत, तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांत, आणि पॉइंट मिटलेले असले तर इंजिनाच्या धातूंतून परत बॅटरीकडे जातो. प्रवाह वाहत असतां गाभ्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उभें राहतें. इतक्यांत फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकाएकीं तुटतो, तें क्षेत्र कोसळतें, आणि मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानें दुय्यम वेटोळ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो.

चौकस विद्यार्थ्यास येथें एक शंका यावी. वेढ्यांचें प्रमाण सुमारें शंभरास एक. मग १२ व्होल्टांचे १,२०० च व्हावयाचे, पंधरा हजार कोठून आले? उत्तर असें कीं, शंभरपट होतो तो बॅटरीचा दाब नव्हे. प्रवाह अकस्मात् तुटला म्हणजे प्राथमिक वेटोळ्यांतच क्षणभर दोन-तीनशें व्होल्टांचा दाब उसळतो, आणि दुय्यम वेटोळें वाढवितें तें या उसळीस. ती उसळी किती मोठी होणार हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: प्रवाह किती झटकन् तुटला, आणि तुटण्याच्या क्षणीं तो किती होता. पहिली गोष्ट कंडेन्सर पाहतो. तो उघडणाऱ्या पॉइंटांमध्यें ज्वाळा पेटूं देत नाहीं. दुसरी गोष्ट सर्वस्वीं मार्गाच्या शुद्धतेवर आहे, आणि आपला सारा विषय तेथेंच आहे.

आतां थोडें गणित करूं. साध्या १२ व्होल्टांच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा विरोध सुमारें ३ ओहम असतो. बारास तिनांनीं भागलें म्हणजे प्रवाह ४ अँपिअर येतो. समजा, वाटेंत कोठें तरी एक सांधा गंजला व त्यानें अवघ्या १ ओहमाची भर घातली. एकूण विरोध ४ ओहम झाला आणि प्रवाह ३ अँपिअरांवर आला. प्रवाह एक चतुर्थांशानें घटला, म्हणजे ठिणगीही तेवढीच घटली असेल, असें कोणास वाटेल. परंतु चुंबकीय क्षेत्रांत सांठलेली शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. सोळापैकीं नऊच भाग उरले. म्हणजे एका दीडदमडीच्या सांध्यानें जवळजवळ निम्मी शक्ति गिळली. आणि ही तूट बारा व्होल्टांच्या हिशेबांत पाहूं गेल्यास, ३ व्होल्ट त्या सांध्यावर हरवले व कॉइलला ९ च मिळाले.

निम्म्या शक्तीवर गाडी चालते का? बहुधा चालते, आणि हीच खरी फसवणूक आहे. सपाटीवर, हळू चालीनें, इंजिन तक्रार करीत नाहीं. परंतु बोरघाटाचा चढ लागला, चालकानें पाय दाबला, सिलिंडरांत अधिक हवा शिरली, म्हणजे दाबलेला वायु अधिक घट्ट होतो आणि त्यांतून उडी मारण्यास ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. शिवाय वेग वाढला म्हणजे कॉइलला उसंत मिळत नाहीं. चार सिलिंडरांच्या इंजिनास दर मिनिटास ३,००० फेरे असतां दर सेकंदास १०० ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीपूर्वीं पॉइंट मिटून राहतात ते सेकंदाच्या सहा हजारांश भागापुरते. तेवढ्या अवधींत प्रवाह भरून आला तर आला. म्हणून दुबळी ठिणगी घरापुढें कधींच चुकत नाहीं. ती मालानें व माणसांनीं भरलेल्या गाडीस घाटाच्या वळणावर, मागें ट्रकांची रांग असतां, दगा देते. हा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं तो याचमुळें.

दोष एवढा मोठा, तर मीटर लावतांच तो सांपडावयास हवा. पण पुष्कळदां सांपडत नाहीं. मिस्त्री कॉइलवरची तार काढतो, तिच्या टोंकास मीटर लावतो, कांटा स्वच्छ १२ दाखवितो, आणि "करंट बरोबर येतो आहे, कॉइलच गेली" असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा कां, हें नळाच्या उदाहरणानें कळेल. गांवच्या टांकीपासून घरापर्यंत नळ आला आहे व मधें कोठें तरी तो गाळानें जवळजवळ बुजला आहे. घरांतील तोटी बंद ठेवून दाब मोजला तर तो टांकीच्या उंचीइतका पुरेपूर भरेल, कारण पाणी वाहतच नाहीं. तोटी उघडा, दाब तत्क्षणीं कोसळेल आणि करंगळीएवढी धार लागेल. गंजलेल्या सांध्याचें असेंच आहे. प्रवाह आणि विरोध यांचा गुणाकार म्हणजे हरवलेला दाब. प्रवाह शून्य असेल तर गुणाकारही शून्य. व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ कांहींच प्रवाह ओढीत नाहीं, म्हणून सुटलेल्या तारेवर तो नेहमी शुभवर्तमानच सांगतो.

मिस्त्रीलोकांचा लहान दिवाही याच कारणानें फसवितो, जरी थोडा कमी. ५ वॅटांचा दिवा अर्ध्या अँपिअराहूनही कमी प्रवाह घेतो. आपल्या त्या १ ओहमाच्या सांध्यावर तो फार तर चार दशांश व्होल्ट गमावील, आणि उजेडांतला तेवढा फरक डोळ्यास कळणें शक्य नाहीं. तार सांगाड्यास घासून ठिणग्या उडवून पाहण्याची जी पद्धत आहे तिच्याविषयीं न बोललेलेंच बरें. तिनें फ्यूज उडतो, क्वचित् पेट्रोलच्या वाफा पेटतात, आणि ज्ञान कांहींच होत नाहीं.

यावरून तपासणीचा मुख्य नियम निघतो: प्रवाह वाहत असतांनाच दाब मोजावा. त्यासाठीं डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून, चावी बंद ठेवून, इंजिन हातानें हळूहळू फिरवावें व पॉइंट मिटले कीं थांबावें. मग चावी चालू करावी. या स्थितींत कॉइलमधून अखंड प्रवाह वाहतो. म्हणून मोजणी एक-दोन मिनिटांत उरकून चावी बंद केली पाहिजे, नाहीं तर कॉइल तापते व पॉइंट जळतात. खालील मोजण्या ऋण अग्र सांगाड्यास जोडलेलें आहे असें धरून दिल्या आहेत. जुन्या इंग्रजी गाड्यांपैकीं पुष्कळांत धन अग्र सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें मीटरच्या तारांची अदलाबदल करावी.

आरंभ बॅटरीपासून करावा. स्वस्थ असतां पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखविते. १२ च्या खालीं असेल तर ती बरीच रिकामी झाली आहे. सेल्फ फिरत असतां ती साडेनऊ-दहाच्या खालीं जाऊं नये. गेली, तर पुढची सर्व तपासणी तूर्त बाजूस ठेवून प्रथम बॅटरी भरून घ्यावी. मीटरचें टोंक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवावें, तिच्या पकडीवर नव्हे; आणि मग पकडीवर टेकवून दोहोंत फरक पडतो का तें पाहावें. खुंटी व पकड यांमध्यें पांढरी-हिरवी बुरशी धरते, आणि पुष्कळशा यात्रा याच पहिल्या पायरीवर संपतात.

नंतर मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरें कॉइलच्या चावीकडील अग्रावर लावावें. पॉइंट मिटलेले व चावी चालू. येथें मीटर जो आंकडा दाखवील तोच हरवलेला दाब. वजाबाकी करण्याचेंही कारण नाहीं. तो अर्ध्या व्होल्टाच्या आंत असावा. दोन-तीन व्होल्ट आला तर दुसरें टोंक कॉइलपासून मागें मागें सरकवावें: कॉइलकडे जाणाऱ्या तारेचें मागचें टोंक, चावीचें बाहेर जाणारें अग्र, चावीचें आंत येणारें अग्र, फ्यूज असल्यास त्याच्या दोन बाजू. ज्या ठिकाणीं आंकडा एकाएकीं खालीं येतो, त्या ठिकाणाच्या व त्याच्या अगोदर मोजलेल्या ठिकाणाच्या दरम्यान अपराधी आहे. जुन्या गाडींत तो बहुधा चावीच्या आंतील झिजलेल्या पितळी पट्टींत सांपडतो, आणि कोंकणांतील गाड्यांत खाऱ्या हवेनें हिरव्या पडलेल्या तारांच्या टोंकांत. कधीं कधीं मीटरचीही गरज लागत नाहीं. ३ अँपिअर प्रवाह व १ ओहम विरोध म्हणजे त्या सांध्यांत ९ वॅटांची उष्णता निघते. बोट लावतांच तो ओळखूं येतो. ही उष्णता सांधा अधिक गंजविते व विरोध अधिक वाढविते. सकाळीं ठणठणीत चालणारी गाडी अर्ध्या तासानें रडूं लागते, याचें एक कारण हें आहे. गरम झाल्यावर आंतून तुटणारी कॉइल हें दुसरें. पण तिच्यावर आरोप करण्यापूर्वीं सांधे पाहावे.

आतां कॉइलचें दुसरें अग्र, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारें. मीटर या अग्रावर व सांगाड्यावर लावावा. पॉइंट मिटलेले असतां येथें शून्याच्या जवळ, फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट असावे. पॉइंट बोटानें किंवा लांकडी काडीनें उघडले कीं पूर्ण १२ यावे. मिटलेले असूनही एक-दोन व्होल्ट उरत असतील तर पॉइंट काळे पडले आहेत, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या हलत्या पत्र्यास सांगाड्याशीं जोडणारी नाजूक तार तुटत आली आहे. ही तार पत्र्याबरोबर सारखी हेलकावे खात असल्यानें आंतल्या आंत तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. दोन्हीं स्थितींत १२ च राहत असतील तर प्रवाहास परतीची वाटच नाहीं.

सर्वांत मनोरंजक प्रसंग म्हणजे पॉइंट उघडे असूनही हें अग्र शून्य दाखवितें तो. कॉइलच्या चावीकडील अग्रावर १२ आहेत, इकडे शून्य. दोन शक्यता आहेत: कॉइलचें प्राथमिक वेटोळें तुटलें असेल, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या आंत कोठें तरी तार सांगाड्यास टेकून दाब गळत असेल. एकींत नवी कॉइल घ्यावी लागेल. दुसरींत तिचा कांहींच अपराध नाहीं. निवाडा सोपा आहे. कॉइलवरून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार सोडवावी व रिकाम्या अग्रावर पुन्हा मोजावें. १२ आले तर वेटोळें शाबूत आहे. दोष बिघडलेल्या कंडेन्सरचा किंवा पॉइंटांजवळच्या फाटलेल्या आवरणाचा. शून्यच राहिलें तर वेटोळें तुटलें आहे. येथें सुटलेल्या अग्रावर मोजलेलें चालतें, कारण प्रश्न वाट चांगली कीं वाईट असा नसून वाट आहे कीं नाहीं असा आहे.

परतीच्या वाटेकडे लोकांचें फारच दुर्लक्ष होतें. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी एक विणलेल्या तारेची पट्टी असते. इंजिनास नवा रंग देतांना पट्टीच्या बोल्टाखालीं रंग गेला, तर सेल्फ मंद होतो, दिवे मिणमिणतात व ठिणगी दुबळी पडते, आणि दोष चारी दिशांस शोधला जातो. बॅटरीच्या ऋण खुंटीपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मीटर लावून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आला तर पट्टी खरवडून साफ करावी.

कांहीं गाड्यांत कॉइल दीड ओहमाची असते व तिच्या वाटेंत तेवढ्याच विरोधाची एक तार मुद्दाम घातलेली असते. तिला बॅलास्ट म्हणतात. अशा गाडींत पॉइंट मिटलेले असतां कॉइलवर सहा ते आठ व्होल्टच येतात, आणि तें योग्यच आहे. सेल्फ फिरत असतां बॅटरीचा दाब खचतो, तेवढ्या वेळेपुरता बॅलास्ट टाळून प्रवाह थेट कॉइलला मिळावा अशी सोय असते. म्हणून सेल्फ मारतांना इंजिन पेट घेतें आणि चावी सोडतांच मरतें, असें झालें तर बॅलास्ट जळला आहे किंवा चावीचा चालू स्थितींतला स्पर्श गेला आहे, हें मीटर न काढतांच सांगतां येतें. घाईंत पुष्कळ जण बॅलास्टच्या दोन टोंकांस एक तार जोडून देतात. गाडी घरीं पोंचते खरी. पण ती तार तशीच राहिली तर कॉइलमधून दुप्पट प्रवाह वाहतो व कांहीं काळानें ती आणि पॉइंट दोन्हीं जळून जातात.

दुय्यम बाजूचा, म्हणजे हजारों व्होल्टांचा, प्रांत साध्या मीटरचा नव्हे. तेथें डोळे आणि कोरडें फडकें हींच साधनें. पावसाळ्यांत झांकणाच्या आंत दंव धरतें व ठिणगी त्यावरून सरपटत सांगाड्यांत उतरते. झांकण पुसून वाळवावें, आणि आंत पेन्सिलीनें ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तें बदलावें. इंजिन चालू असतां या जाड तारांस हात लावूं नये.

नव्या गाड्यांत पॉइंट नाहींत, डिस्ट्रिब्यूटर नाहीं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र लहान कॉइल असते व तिचा प्रवाह गणकयंत्राच्या आज्ञेनें ट्रान्झिस्टर तोडतो. या कॉइलचा प्राथमिक विरोध बहुधा अर्धा ते एक ओहमच असल्यानें एक ओहमाचा सांधा तिला अधिकच जड जातो. गणकयंत्र बॅटरीचा दाब सतत मोजतें व तो उतरला तर प्रवाह जरा अधिक वेळ वाहूं देतें. पण कॉइलच्या अलीकडच्या सांध्यावर हरवलेले व्होल्ट त्यास दिसत नाहींत. येथें प्रवाह अखंड वाहवीत ठेवतां येत नाहीं, म्हणून खोटें ओझें घालावें लागतें. चावी बंद करून कॉइलचा जोड सोडवावा, त्यांतील पुरवठ्याची तार कोणती हें नकाशावरून निश्चित करावें, आणि ती व सांगाडा यांमध्यें २१ वॅटांचा, वळण दाखविणाऱ्या दिव्याचा बल्ब जोडून मग चावी चालू करावी. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तो पेटलेला असतां त्याच्या दोन टोंकांवरचा दाब बॅटरीच्या दाबाहून अर्ध्या व्होल्टापेक्षां अधिक कमी असतां कामा नये. गणकयंत्राकडून येणाऱ्या बारीक तारेस हा बल्ब चुकूनही लावूं नये. ट्रान्झिस्टर जळण्याची भीति असते. कांहीं गाड्यांत इंजिन फिरत नसेल तर पुरवठा करणारा रिले दोन-तीन सेकंदांत बंद पडतो, तेव्हां तेवढ्या अवधींतच आंकडा वाचावा लागतो. दाब कमी भरला तर प्रथम तो रिले खोबणींतून उपटून त्याचे पाय पाहावे. एखादा पाय निळसर-काळा पडलेला दिसला तर त्याखालची पितळी पकड सैल झालेली असते.